वायरमनला विचारा : मीटरवर नुसताच ‘१’

आमच्या घरी संध्याकाळी सात वाजले की फ्रीजचा स्टॅबिलायझर टक-टक करायला लागतो आणि दहापर्यंत थांबत नाही. शेजारचे म्हणाले, व्होल्टेज मोजून बघा. अकरावीतल्या मुलानं लक्ष्मीपुरीतून पिवळा मल्टीमीटर आणला, प्लगमध्ये वायरी घातल्या, तर डाव्या कोपऱ्यात नुसता ‘१’ आला. सासूबाई म्हणतात, तो डबा परत करून ये, पोराला हात लावू देऊ नकोस. घरच्या घरी व्होल्टेज मोजणं सुरक्षित आहे का?
— एक गृहिणी, राजारामपुरी

ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती खोटी नाही. पण पोरानंही फार मोठा घोटाळा केलेला नाही. तो ‘१’ म्हणजे एक व्होल्ट नव्हे. नॉब २०० वर होता आणि प्लगमध्ये २०० पेक्षा जास्त होते. मापात मावलं नाही की हा मीटर कोपऱ्यात १ काढून गप्प बसतो. या पिवळ्या मीटरवर एसी व्होल्टचे दोनच टप्पे असतात, २०० आणि ७५०. आपली घरची लाईट २३० ची. तेव्हा नॉब ७५० वरच हवा.

मला खरी काळजी आहे ती त्याच नॉबच्या दुसऱ्या बाजूची. तिथंही व्ही लिहिलेलं असतं, पण पुढं सरळ रेघ असते. ते डीसी, म्हणजे बॅटरीसाठी. घरच्या लाईटीसाठी नागमोडी रेघेचं व्ही. पोरानं चुकून सरळ रेघेच्या १००० वर ठेवलं असतं तर मीटरनं शून्य किंवा त्याच्या आसपास काहीतरी दाखवलं असतं. आपली लाईट सेकंदाला ५० आवर्तनं पुढं-मागं होते, सरासरी काढली की हातात शून्य उरतं. मग घरातलं कुणीतरी म्हणणार, लाईट गेलीय, खोल तो बोर्ड. ‘१’ दिसला तर माणूस निदान थबकतो तरी. शून्य दिसलं की बिनधास्त होतो.

म्हणून बोर्ड उघडून हात घालायचा असेल तेव्हा मी तीनदा मोजतो. आधी जिथं लाईट हमखास आहे तिथं, मग जिथं काम करायचंय तिथं, आणि परत पहिल्या ठिकाणी. मधल्या वेळात मीटरची बॅटरी उतरलेली असू शकते, लीड, म्हणजे मीटरची वायर, आतून तुटलेली असू शकते. चाळीस वर्षं झाली, अजून तीनदाच मोजतो. पोरं हसतात. हसू देत.

आता भोकांकडं येऊ. मीटरला तीन भोकं असतात. काळी लीड ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, ती कायम तिथंच. तांबडी मधल्या भोकात, जिथं व्ही लिहिलंय. तिसरं भोक १० अँपिअरचं. त्याच्याशी तुमचं काही काम नाही. त्यावर चिकटपट्टी मारून टाका, मी गंमत करत नाही.

१९८७ ची गोष्ट. मामाच्या हाताखाली मोटार रिवायंडिंग शिकून मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत कामाला जायचो. आदल्या संध्याकाळी एका बारक्या मोटारीचा करंट बघायला तांबडी लीड अँपिअरच्या भोकात घातली होती. सकाळी आलो, नॉब व्होल्टवर फिरवला आणि थेट थ्री फेजच्या बोर्डाला लीड लावल्या. भोक कालचंच होतं. कानठळ्या बसवणारा आवाज, निळा-पांढरा उजेड, आणि हातातल्या लीडचं टोक वितळून त्याचा मणी झालेला. डावी भुवई जळाली. मामा म्हणाला, “मीटरचं सोड, भुवई उगवंल. डोळा उगवत न्हाई.”

कारण साधं आहे. व्होल्टच्या भोकातून मोजताना मीटरच्या आत लाखो ओमचा अडथळा मध्ये असतो, त्यामुळं करंट जवळजवळ जातच नाही. अँपिअरच्या भोकात मात्र दोन लीडच्या मध्ये आत एक जाड पट्टी असते, अडथळा जवळपास शून्य. ते भोक वापरून फेज-न्यूट्रलला (लाईट येते ती तार फेज, परत जाते ती न्यूट्रल) लीड लावल्या म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटवल्यासारखंच. नॉब कुठं आहे याला तिथं काही किंमत नसते. स्वस्तातल्या मीटरमध्ये त्या भोकाला बहुतेकदा फ्यूजही नसतो.

तर पोराला सांगा : मीटर हातात धरायचा नाही, स्टुलावर ठेवायचा. पायात कोरडी रबरी चप्पल, फरशी कोरडी, हातात कडं-अंगठी नको. दुसरा हात फ्रीजच्या अंगाला किंवा मांडणीला टेकलेला नको. लीडचं प्लॅस्टिक वाकवून बघायचं, कुठं चीर दिसली तर ती लीड कचऱ्यात, टेप गुंडाळून चालत नाही. बोटं लीडच्या कड्याच्या मागं राहिली पाहिजेत, ते कडं त्यासाठीच दिलेलं असतं. आधी काळी न्यूट्रलला, मग तांबडी फेजला, काढताना आधी तांबडी. उलट केलं तर काळ्या लीडचं उघडं टोक मीटरमधून फेजला जोडलेलं राहतं. सगळं नीट असेल तर त्याचा नुसता झिणझिणाट. माझ्यासारखं भोक चुकलेलं असेल तर पूर्ण फेज.

न्यूट्रल कुठलं? तीन भोकांचं सॉकेट, मोठं भोक वर, ते अर्थ, म्हणजे अर्थिंगचं. समोरून बघताना उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल. असं असायला हवं. जुन्या वाड्यांतून मी इतकी उलटी सॉकेटं बघितली आहेत की यावर विश्वास ठेवू नका, मोजूनच ठरवा.

हल्लीच्या सॉकेटांना आत पडदा असतो, लहान मुलांनी तार घालू नये म्हणून. अर्थची लांब पिन आत गेली की तो सरकतो, नुसत्या लीड घुसत नाहीत. मग लोक अर्थच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पडदा उघडतात. माझ्यासमोर कुणी असं केलं तर मी हातावर फटका मारतो. ते सॉकेट उलटं जोडलेलं असेल तर तुम्ही धातूचा दांडा कशात घातलाय हे कुणाला ठाऊक?

आणि आता ताई, खरं सांगतो. तुमच्या कामाला हा मल्टीमीटर लागतच नाही. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, आकडा समोर दिसतो, लीड नाही, नॉब नाही. तो फ्रीजशेजारच्या प्लगला लावा आणि आठ दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी सात, आठ, नऊ असे आकडे दुधाच्या वहीत लिहा. त्या पिवळ्या मीटरवर पोराला बॅटरी, सेल, चार्जर शिकू दे. त्याच्या सोबतच्या कागदात बहुधा १.२ टक्के आणि वर १० अंक एवढी चूक कबूल केलेली असते. ७५० च्या टप्प्यावर एक अंक म्हणजे एक व्होल्ट. तेव्हा त्यानं २३० दाखवले तर खरे २१८ ही असू शकतात, २४२ ही. एकदा शेजारच्यांच्या चांगल्या मीटरशी ताडून घ्या.

किती असावेत? १९५६ च्या जुन्या वीज नियमांत घरगुती पुरवठ्याला सहा टक्के वर-खाली अशी मुभा होती. मी अजून तोच हिशेब धरतो. २३० ला ते साधारण २१६ ते २४४ होतं. संध्याकाळी १९०-१९५ येत असतील तर स्टॅबिलायझर टक-टक करणारच. आतला रिले, म्हणजे आपोआप पडणारं बटण, टप्पा बदलतोय, तो बिचारा आपलं काम करतोय.

दोष बाहेरचा की घरचा, हे वहीतून कळतं. घरातला सगळा मोठा लोड बंद करून आकडा बघा, मग गिझर लावा. चार-पाच व्होल्ट उतरले तर ठीक. वीस उतरले तर घरात नाहीतर लाईटबिलाच्या मीटरपाशी कुठंतरी सांधा सैल आहे. गिझर ८ अँपिअर घेत असेल आणि वीस व्होल्ट वाटेत हरवत असतील, तर १६० वॅटची उष्णता कुठंतरी निघतेय. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. तसली सहा आयर्न एका सैल स्क्रूवर टेकवली तर बोर्डाचं काय होईल ते तुम्हीच बघा. आणि गिझर बंद असतानाही आकडा सातलाच पडत असेल, शेजाऱ्यांकडंही तसंच असेल, तर वही घेऊन महावितरणच्या शाखेत जा. नुसतं “व्होल्टेज कमी येतंय” सांगितलं तर तक्रार वहीत पडून राहते. तारीख, वेळ, आकडा असला की तिला तोंड फुटतं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसायची नाही. आकडा अचानक २७०, २९० असा वर चढला, बल्ब भगभगायला लागले, तर पळत जाऊन मेन बंद करा आणि १९१२ ला फोन लावा. पोलावर न्यूट्रल सुटलेलं असतं. तीन फेजना परतीची वाट एकच, ती तुटली की दोन फेजवरची घरं एकापुढं एक जोडल्यासारखी ४०० व्होल्टवर लटकतात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. एका रात्रीत अख्ख्या गल्लीचे टीव्ही गेलेले मी बघितलेत.

प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टरचा दिवा लागतो, पण पंखा फिरत नाही. लाईट डबल झाली का?
— मंगळवार पेठ

डबल नाही, अर्धी झालीय. न्यूट्रल तुटलंय. फेज पंख्यातून किंवा दुसऱ्या चालू ठेवलेल्या वस्तूतून फिरून न्यूट्रलच्या तारेत येऊन थांबलीय, म्हणून तिथंही टेस्टर लागतो. त्या तारेला न्यूट्रल समजून हात लावू नका. मेन बंद करा, वायरमन बोलवा.

गोठ्यातल्या बल्बचं बटण बंद आहे, तरी होल्डरमध्ये मीटर ६४ व्होल्ट दाखवतो. धार काढताना म्हैस लाथ मारायला लागलीय. दोन्हीचा संबंध असेल का?
— एक दूध उत्पादक, करवीर तालुका

पाहुणं, प्रश्न लई आवडला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्याच ठेवू.

६४ व्होल्ट बहुतेक भुताचे आहेत. एकाच पायपातून चालू तार आणि बंद तार शेजारी-शेजारी गेली की चालूची थोडी सावली बंदवर पडते. त्यात दम काहीच नसतो, पण डिजिटल मीटर इतका हलका की त्याला ती सावलीही खरी वाटते. माझ्या जुन्या सुयांच्या मीटरला असली भुतं फारशी दिसायची नाहीत. तपासायचं असेल तर वायरमनकडून होल्डरला साधा पिवळा बल्ब लावून त्याच्या टोकांवर मोजून घ्या. भूत असेल तर आकडा धाडकन शून्यावर येतो. एलईडी बल्ब लावू नका, तो एवढ्याशा करंटवरही मिणमिणतो आणि गोंधळ वाढवतो.

पण होल्डरचं एकेक टोक अर्थशी मोजल्यावर, बटण बंद असताना, एकावर सरळ २३० आले तर भूत नव्हे. बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलंय. बल्ब विझतो, होल्डर जिवंतच राहतो. गोठ्यात ओल्या हातानं बल्ब बदलणारा माणूस असाच जातो. हे आजच्या आज दुरुस्त करून घ्या.

आता म्हैस. तिला आपल्यापेक्षा फार लवकर कळतं. चार खूर ओल्या कोब्यावर, तोंड गव्हाणीच्या लोखंडी पायपाला. त्या दोन्हींत दोन-चार व्होल्टचा फरक असला तरी ती अस्वस्थ होते. तुम्ही रबरी बूट घालून उभे, तुम्हाला कशाला कळतंय? मोजायचं असं : ओल्या कोब्यावर पत्र्याचा तुकडा घट्ट दाबून ठेवा, एक लीड त्याला, एक गव्हाणीच्या पायपाला, नॉब एसीवर. इथं मात्र २०० चा टप्पा. लीडच्या टोकांमध्ये ५०० ओमचा एक रेझिस्टरही जोडा, जनावराच्या अंगाचा अडथळा साधारण तेवढा धरतात, त्यानं इथलंही भूत पळतं. रेझिस्टर जोडायच्या आधी एकदा नुसतं मोजा, दोन-चारऐवजी शंभर-दोनशे आले तर रेझिस्टर लावू नका, मेन बंद करून जनावरं बाहेर काढा.

आकडा एक-दोन व्होल्टच्या वर आला तर कुणाला तरी पाण्याची मोटार बंद करायला सांगा, मग कुट्टी मशीन, मग मेन. कशानं आकडा उतरतो ते बघा, चोर तिथं आहे. माझा पहिला संशय मोटारीच्या बॉडीवर आणि तुटलेल्या अर्थच्या तारेवर. अर्थबद्दल एक सांगून ठेवतो : फेज आणि अर्थमध्ये मीटरनं २३० दाखवले म्हणून अर्थिंग चांगलं असं म्हणू नका. मीटर करंटच ओढत नाही, त्याला सुकलेल्या खड्ड्यातला गंजका पाईपही चालतो. ते अर्थ टेस्टरनंच बघावं लागतं.

आणि आकडा शून्यच आला, तर म्हशीच्या सडाला चीर पडलीय का, माशा किती आहेत, धार काढणारा नवीन आहे का, ते बघा. मागं एका गोठ्यात मी दोन तास मीटर घेऊन फिरलो होतो. लाथेचं कारण गोमाशी निघालं.

सर, मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. मीटरवर कॅट-२, कॅट-३ लिहिलेलं असतं. मास्तर म्हणतात कॅट-३ च घ्या. २३० च मोजायचेत तर एवढा महाग कशाला?
— कळंबा

भावा, कॅट म्हणजे मीटर कुठल्या जागी मोजायला सुरक्षित त्याचा दर्जा. २३० हा आकडा फसवा आहे. त्याचं शिखर ३२५ ला असतं, ते तर रोजचं. पण वीज कडाडली, शेजारच्या शेडमधली मोठी मोटार बंद झाली, की तारेवर काही मायक्रोसेकंद हजारो व्होल्टचा धक्का येतो. मीटरच्या आत त्या क्षणी ठिणगी उडाली तर धक्का निघून जातो, पण ठिणगीच्या वाटेनं मागून लाईट शिरते आणि मीटर तुझ्या हातात फुटतो. कॅट-२ चा ६०० व्होल्टचा मीटर ४००० व्होल्टच्या धक्क्याला तपासलेला असतो, कॅट-३ चा ६००० ला. प्लगवरच्या उपकरणांसाठी कॅट-२, घरच्या बोर्डाला आणि पक्क्या वायरिंगला कॅट-३, मीटरपेटी आणि पोलाकडच्या बाजूला कॅट-४. डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, जितकं जवळ जाशील तितका मागचा जोर जास्त. लीडवरही तोच शिक्का बघ. मीटर कॅट-३ आणि लीड रविवारच्या बाजारातल्या, असं करू नकोस. मास्तरांचं ऐक.

आमचं घर जयंती नाल्याच्या काठाला. पुराचं पाणी बोर्डाच्या वर चढलं होतं, आता ओसरलंय. बोर्ड वाळलेला दिसतोय. मल्टीमीटरनं तपासून लाईट चालू केली तर चालेल का?

नाही. या एका प्रश्नाला मी ‘तरी पण’ जोडणार नाही.

मल्टीमीटरचा ओमचा टप्पा दोन-चार व्होल्टांवर चालतो. त्याला ओली वायर कोरडीच दिसते. २३० सोडले की तीच वायर गळायला लागते. त्यासाठी मेगर लागतो, तो ५०० व्होल्ट सोडून इन्सुलेशन बघतो. फेज आणि अर्थमध्ये १ मेगओमच्या खाली आलं तर मी स्वतः मेन जोडत नाही, कुणी कितीही घाई करो. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी उतरल्यावर मी बघितलं, बोर्ड वरून कडक वाळलेला, पण भिंतीतल्या पायपात आठ-दहा दिवस पाणी. स्विचच्या आत गाळ बसलेला असतो, तो पुसून निघत नाही. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी बदलायचे. वायर मेगरनं पास झाली तर ठेवायची. बुडालेल्या आरसीसीबीच्या (करंट गळला की लाईट तोडणाऱ्या स्विचच्या) टेस्टच्या बटणावर विसंबू नका, नवा घाला, ३० मिलिअँपिअरचा.

मेन बंदच असू दे. पण पाण्यातून उठलेल्या मीटरपेटीला आणि मेन स्विचला हात लावायच्या आधी महावितरणला पोलावरून लाईट तोडायला सांगा, कारण मेनच्या वरच्या बाजूची तार तुम्ही मेन पाडला तरी जिवंतच असते. मग वायरमन मेगर घेऊन येईल, एकेक सर्किट सोडवून बघेल, अख्खा दिवस जाईल. तोवर मोबाईल शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर चार्ज करा.